पायरीपर्यंत आलेली तार

आमच्या गावात पाणी यायच्या आधी फोन आला. हे वाक्य मी किती तरी सभांमध्ये बोलले आहे आणि दर वेळी लोक हसले आहेत. हसण्यासारखं त्यात काही नाही. विहिरी आटल्या होत्या, नाल्यात झिरे खणून बायका वाटीवाटीनं घागर भरत होत्या, आणि त्याच दुष्काळात उंद्रीच्या बाजूनं लोखंडी खांब एकामागं एक आमच्या शिवारात शिरले. खांबांच्या डोक्यावर चिनी मातीच्या पांढऱ्या वाट्या आणि वाट्यांवरून ओढलेली तार. वारा सुटला की तार गुणगुणायची. पोरं खांबाला कान लावून उभी राहायची आणि एकमेकांना सांगायची, "चिखलीचा बाजार ऐकू येऊन राह्यला बे!" गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. भीती म्हणून नाही. ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांची नातवंडं त्याच गल्ल्यांत राहतात आणि भेटली की माझ्या पाया पडतात. चिखली तालुक्यातलं, उंद्रीहून पायी गाठता येईल असं एक गाव, एवढं पुरे.

फोन आमच्या घरी आला, कारण पोस्ट आमच्या घरी होतं. खेड्यातल्या पोस्टाला सरकार इमारत देत नसे. पोस्टमास्तरानं स्वतःचीच जागा वापरायची. आमची अर्धी ओसरी सरकारची आणि अर्धी आमची, मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे बाबांचं टेबल, टपालाचा तराजू, शिक्क्याची शाई. पलीकडे आईची चूल. वितळणाऱ्या लाखेचा वास आणि भाजणाऱ्या भाकरीचा वास मला एकत्रच आठवतात. अलीकडे बाबा टपालावर शिक्के मारायचे, पलीकडे आई भाकरी थापायची, आणि डोळे मिटून ऐकलं तर कुठला आवाज कुठला ते कळायचं नाही. त्या वर्षी भाकरी लाल मिलोची होती. रेशनवर मिळणारी ती परदेशी ज्वारी थापता थापता चिरायची, आई ओल्या बोटांनी सांधायची, ती पुन्हा चिरायची. सोबत ठेचा नाही तर वाळवलेली अंबाडी. घास घशाखाली उतरायला पाणी लागे आणि पाणी तर जपून प्यायचं, म्हणून आम्ही सगळे फार हळू जेवत असू. आजही मी हळूच जेवते. सुना म्हणतात, किती शांतपणे जेवता हो आई. शांतपणा कसला!

फोन म्हणजे काळं, जड यंत्र. बाजूला एक दांडी, ती गरागरा फिरवली की चिखलीच्या एक्स्चेंजमध्ये घंटी वाजायची आणि तिथला ऑपरेटर विचारायचा, "बोला, कुठं जोडू?" बाबांनी त्यासाठी घरातलं एकुलतं एक शिसवी स्टूल दिलं, त्यावर आईनं विणलेला रुमाल अंथरला. बाबांना फोनवर हळू बोलता येत नसे. लाइन खरखरायची म्हणून सगळेच ओरडत, पण बाबांची आणखी एक सवय होती. पलीकडून आलेला प्रत्येक शब्द ते मोठ्यानं परत म्हणायचे. चिखलीहून फोनवरून तारेचा मजकूर उतरवून घेताना चूक होऊ नये म्हणून त्यांना तसं शिकवलं होतं, आणि मग ते अंगातच मुरलं. "हां... 'आत्याबाई येऊन राह्यल्या'... हां... 'फाट्यावर गाडी पाठवा'... हां." त्यामुळे कोणाची आत्या येणार हे ती घरून निघायच्या आत अख्ख्या आळीला कळायचं. रहीमचाचा, उंद्रीहून टपालाची थैली आणणारे आमचे डाकवाले, पायरीवर बसून चपलेतला खडा झटकत म्हणायचे, "मास्तर, सरकारनं तार खाली-पिली टाकली. तुमचा आवाज असाच चिखलीले पोचते."

आता जे लिहायचं ते आडपडदा न ठेवता लिहिते. हा फोन सार्वजनिक होता. तसा पत्राच आमच्या दारावर ठोकला होता. पण ओसरीवर चढून, रिसीव्हर हातात घेऊन बोलायचा मान गावातल्या सगळ्यांना नव्हता. पाटलांनी घेतला, किराणा दुकानवाल्यांनी घेतला, ग्रामसेवकानं घेतला. बौद्ध वस्तीतलं माणूस आलं की बाबा म्हणायचे, "तू तिथूनच सांग, मी बोलतो." तिथून म्हणजे पायरीच्या खालून, अंगणातून. फोनला तोंड जवळ न्यावं लागतं ना! ज्या भोकांत एकाचा श्वास जातो त्याच भोकांत दुसऱ्यानं बोलायचं. पाण्याचा माठ वेगळा ठेवता येतो, कपबशी वेगळी ठेवता येते, पण गावात फोन एकच. म्हणून बाबांनी कोणालाही न विचारता तोडगा काढला, आणि त्याला ते नियम म्हणायचे. "सरकारी यंत्र आहे. बिघडलं तर माझी नोकरी जाईल." पाटलांच्या तोंडानं ते बिघडत नव्हतं. कायद्यानं हा गुन्हा होता, आणि आमच्या घरी तो रोज चहाबरोबर घडत होता.

मी तेव्हा खामगावला कॉलेजात होते. दुष्काळामुळे वसतिगृहाची खाणावळ बंद पडली आणि आम्हा मुलींना घरी पाठवलं. माझ्या पत्र्याच्या पेटीत दोन साड्या होत्या आणि बाकी सगळी हँडबिलं. आमचा एक गट होता. फीवाढ, रेशन, हुंडा, जे अंगावर येईल त्यावर आम्ही पत्रकं काढायचो. वाक्य छोटं, शत्रू ठळक, शेवटी उद्गारचिन्ह, असं आमचं शिक्षण. उद्गारचिन्हं पुढे कमी झाली. चीड तेवढीच आहे, आणि ती कमी व्हावी असं मला वाटतही नाही. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पडद्याआडून पायरीचा तो प्रकार पाहिला आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला.

पायरीखाली शेवंताबाई उभी होती. वस्तीतल्या बायकांची ती पुढारी. कोणी नेमलेली नाही, आवाजानं झालेली. खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर मुकादमाला शिट्टी लागत नसे. जेवणाची सुट्टी शेवंताबाईच ओरडून जाहीर करायची. तिचं म्हणणं साधं होतं. सरकारनं आमच्या गावाला पाण्याचा टँकर लावून दिला होता. एक खेप गावच्या हौदात, एक वस्तीत. वस्तीतली खेप कित्येक दिवस आलीच नव्हती, आणि गावच्या हौदातही निम्मंच पाणी पडायचं. टँकरचं कंत्राट पाटलांच्या मेव्हण्याकडे, तो चिखलीत राहायचा. आणि पाटलांची संत्र्याची बाग उंद्रीच्या वाटेवर, टेकाडाच्या आड. सगळं शिवार करपलेलं आणि ती बाग हिरवीगार. बागेला काटेरी तार, दारावर राखणदार आणि दोन कुत्री. आत पाय ठेवला की चोरीचा आळ ठरलेला.

"सांगा मास्तर तहसीलले," शेवंताबाई खालून म्हणाली, "वस्तीत टँकर येतच नाई. मधातूनच बागेकडं वळते. मी सोता ओली चाकोरी पाह्यली."

बाबांनी दांडी फिरवली, तहसील कचेरी मागितली आणि घसा खाकरून म्हणाले, "हॅलो. इथल्या वस्तीत पाणी जरा कमी पडतं, असं लोकांचं म्हणणं आहे."

"जरा?" शेवंताबाई म्हणाली. "मास्तर, मी 'जरा' नाई म्हटलं."

"सरकारी भाषा असते ती, शेवंता."

पाटील ओसरीवर बाबांच्या बाजूच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. रोज सकाळी टपाल फुटायच्या वेळेला ते यायचे, चहा प्यायचे, सगळ्यांच्या आधी पेपर उघडायचे. ती खुर्ची त्यांचीच. दुसरं कोणी तिच्यावर बसलेलं मी पाहिलं नव्हतं. ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, "मास्तरनं तुले फुकटात वकील देल्ला, अन् तू त्याच्याशीच भांडून राह्यली!" अंगणातले दोघं-तिघं हसले. मला त्या हसणाऱ्यांचा पाटलांपेक्षा जास्त राग आला.

त्या दुपारी मी हँडबिल लिहिलं. छापखाना नव्हता, म्हणून कार्बन लावून हातानं. बाबांनी नंतर आईकडे पहिली चौकशी केली ती हीच, की कार्बन पोस्टाचा होता की माझा. माझाच होता. मथळा: 'फोन कोणाचा?' खाली लिहिलं होतं की यंत्र जनतेचं आहे आणि पायरी जातीची आहे. की वस्तीची तक्रार अंगणात ओरडून सांगावी लागते आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच खुर्चीत बसून ती ऐकतो. की पोस्टमास्तर लोकांचे शब्द बदलतात. शेवटी मागणी एकच: रिसीव्हर बोलणाऱ्याच्या हातात द्या! चिकटवायला खळ हवी होती. घरात पीठ इतकं मोजकं की भाकरीच्या परातीत उरलेलंसुद्धा आई बोटानं पुसून घ्यायची. मी मागितलं तेव्हा तिनं विचारलं, "काय चिटकवतं?" मी कागद तिच्यासमोर धरला. आईला वाचता यायचं, सावकाश, ओठ हलवत. तिनं शेवटपर्यंत वाचलं. मग डब्यातून मूठभर मिलोचं पीठ काढलं, चुलीवर खळ शिजवली आणि म्हणाली, "दाट ठेवली. पातळ असली का उन्हानं सुटते." त्या रात्री तिच्या ताटात भाकरी नव्हती. हे मला फार पुढे लक्षात आलं.

सकाळी उजाडताच एक कागद मारुतीच्या पारावर लागला, एक पिठाच्या गिरणीवर, आणि एक आमच्या स्वतःच्या ओसरीच्या भिंतीवर, फोनच्या बरोबर वर. बाबा तोंड धुऊन आले, त्यांनी वाचलं, आणि खुरपं आणून ते भिंत खरवडू लागले. आईची खळ सुटत नव्हती. मातीचे पोपडे निघत होते.

"बाबा, घर खरवडून काय होते? उत्तर द्या ना."

"कोणाले उत्तर देऊ? माह्याच पोरीले?" ते वळले नाहीत. "इंदू, तुले माहीत आहे का, पोस्ट कोणाच्या सहीनं मिळालं मले? ग्रामपंचायतीच्या शिफारशीनं. पंचायत कोणाची? ते उद्या म्हणतीन, पोस्ट दुसऱ्याच्या ओसरीवर नेऊ. मंग तुह्या कॉलेजचं काय, माह्या म्हातारपणाचं काय?"

"अन् वस्तीच्या पाण्याचं काय?"

खुरपं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. कागदाचा एक कोपरा शेवटपर्यंत निघालाच नाही. त्यावर 'फोन' एवढंच उरलं होतं. त्यानंतर आम्ही दोघं एका घरात राहून एकमेकांशी बोललो नाही. बाबांना काही सांगायचं असलं की ते आईला म्हणायचे, "तिले म्हणा, दिवा लाव." मी तिथंच उभी असायची. माझ्या डोक्यात आलं की घरातही आता पायरी झाली आहे आणि आई निरोप्या झाली आहे. मी ते आईला बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "निरोप मी बदलत नाई, एवढं पाह्य."

मग बाजाराचा दिवस आला. दुष्काळी कामाला सुट्टी, त्यामुळे अंगणात गर्दी होती. कोणी मनीऑर्डरीची वाट पाहत होतं, कोणी नुसतंच सावलीला बसलं होतं. पाटील खुर्चीत होते. शेवंताबाई वस्तीतल्या बायकांना घेऊन आली. प्रत्येकीच्या कमरेवर रिकामी घागर. घागरी त्यांनी अंगणात ओळीनं मांडल्या. एवढ्या उन्हात एवढ्या रिकाम्या घागरी एकत्र पाहणं मला अजून सहन होत नाही.

"मास्तर, आज मी बोलतो," शेवंताबाई म्हणाली. वऱ्हाडातल्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, 'मी बोलतो', 'मी जातो'. पुण्यात नंतर लोक मला त्यावरून हसले. हसोत बापडे.

"तुले माहीत आहे, शेवंता. मी बोलतो, तू सांग."

"तुम्ही 'जरा' म्हणता."

"नाही म्हणणार."

त्यांनी दांडी फिरवली. जोडणी मिळायला वेळ लागला. शेवंताबाईनं पदर कमरेला खोचला. मी पडद्याशी उभी होते आणि आई माझ्यामागं. "हॅलो, तहसील? इथल्या पाण्याबाबत..." बाबांची नजर पाटलांकडे गेली. पाटलांनी पेपर खाली केला होता. "...इथल्या पाण्याबाबत थोडं—"

"बागेत चाल्लं पाणी!" खालून शेवंताबाईचा आवाज आला. खडीच्या कामावरचा, अख्ख्या माळाला ऐकू जाणारा आवाज. "आमचं पाणी संत्र्याले पाजून राह्यले!"

बाबा सवयीनं बोलून गेले, "हां... 'मागं कोण ओरडून राह्यलं?'..." आणि मग त्यांनी झटकन तळवा बोलायच्या भोकांवर दाबला. पलीकडचा कारकून बारीक आवाजात हॅलो हॅलो करत राहिला. बाबांचा तळवा निघेना. त्यांच्या कपाळावरून घाम गळून रुमालावर पडला. पाटील उठून उभे राहिले, पण बोलले काहीच नाहीत. त्यांना बोलायची गरजच कधी पडत नसे.

"बाबा, हात काढा," मी म्हटलं. कितीतरी दिवसांनी सरळ त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

"पोरगी शिकली म्हणजे बापाले हुकूम सोडते का?" पाटील म्हणाले.

आणि मग आईनं पडदा बाजूला केला. परक्या माणसांसमोर ओसरीच्या सरकारी अर्ध्यात आई कधी यायची नाही. ती तिथूनच, भाकरीच्या पिठाचा हात तसाच ठेवून म्हणाली, "वर या, शेवंताबाई. फोनची दोरी तिथवर पुरत नाई."

बस, एवढंच. मी हँडबिलात एवढं रान उठवलं होतं आणि आईनं दोरीचं कारण दिलं. शेवंताबाईनं चपला काढल्या. ती पायरी चढली. बाबांनी रिसीव्हर तिच्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. तिनं तो तिथून उचलला. मी ते पाहिलं, तिनंही पाहिलं. तिनं तो उलटा धरला, ऐकायचं तोंडाशी आणि बोलायचं कानाशी. यंत्राचे हाल बाबांना बघवले नाहीत. पुढे होऊन त्यांनी तिच्या हातातच तो सरळ करून दिला. बोटांना बोटं लागली. बाबांना ते कळलं असेल तर नंतर कळलं.

"मी शेवंता बोलतो," ती फोनमध्ये म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हळू होता. "वस्तीतून. पाणी येतच नाई साहेब. जरा नाई, थोडं नाई, येतच नाई. टँकर पाटलाच्या बागेत जाते. लेकरं झिऱ्याचं गढूळ पिऊन हगवणीनं पडून राह्यले... हाव. शेवंता. लिहून घ्या." मग ती ऐकत राहिली आणि रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहू लागली. "पाहतो म्हने. अन् कापलं."

अंगण सैल पडलं. झालं, संपलं. पाटील पायरी उतरले, अंगणात उभे राहिले आणि उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले, "मास्तर, ते यंत्र धुऊन घ्या आधी. मंग मले चहा पाठवा. इथंच." कोणीतरी लाचार हसलं. बायकांनी घागरी उचलल्या, पण कोणी हललं नाही. जायचं कुठं होतं? शेवंताबाई ओसरीच्या कडेला उभी, बाबा टेबलाशी, पाटील अंगणात. सगळ्यांच्या जागा बदलल्या होत्या आणि तरी काहीच बदललं नव्हतं असं वाटत होतं.

तेवढ्यात घंटी वाजली.

"हां, बोला," बाबा म्हणाले. "हां... 'पाटलांना द्या'... 'चिखलीहून'... 'नावानं कॉल आहे'. भाऊसाहेब, तुमच्यासाठी."

पाटील एक पाऊल पुढे आले आणि थांबले. रिसीव्हर बाबांच्या हातात होता. आत्ताच शेवंताबाईच्या तोंडाशी होता. सगळं अंगण त्यांच्याकडे पाहत होतं, त्यांची माणसंही.

"तूच ऐक अन् सांग," ते म्हणाले. "मी त्याले तोंड लावत नाई."

"नावानं आहे, भाऊसाहेब. खासगी असंल."

"तुले ऐक म्हटलं ना!"

पाटील पायरीच्या खाली उभे होते. बरोबर जिथं शेवंताबाई उभी राहायची, तिथं.

"हां," बाबा फोनमध्ये म्हणाले. "पोस्टमास्तर बोलतो. ते इथं उभे आहेत, मी सांगतो... हां... 'दाजींना म्हणा'... हां... 'कचेरीतून मले कळवलं'... 'कोणी बाई बोलली'... हां... 'साहेबांच्या कानावर जायच्या आत'..."

बाबा थांबले. पलीकडचा मेव्हणा बोलतच होता. त्याचा चिरका आवाज मला पडद्यापर्यंत ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. बाबांनी पाटलांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. ते भिंतीकडे पाहत होते, खरवडलेल्या मातीत उरलेल्या त्या कागदाच्या कोपऱ्याकडे.

"मास्तर, बस!" पाटील ओरडले. "ठेव ते!"

"हां," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज तारेचा मजकूर वाचतानाचा झाला, एकसुरी आणि खणखणीत. "'टँकर बागेत उभा आहे, तो लगेच हलवा. तिथल्या हौदावर पालापाचोळा टाका. चाकोरी मोडा.' संपलं. परत वाचून दाखवू?"

मग गिरणीच्या बाजूला बसलेला एक म्हातारा, गावचाच, वस्तीतला नव्हे, काठी टेकत उठला. "म्हंजे आमच्या हौदातलं निम्मंबी तिथंच?" जे आधी हसले होते तेही उठले आणि बागेकडे निघालेल्या बायकांच्या मागं बाहेर पडले. रहीमचाचांनी टपालाची थैली माझ्याकडे फेकली. "बेटा, संभाल," म्हणाले, आणि पळाले. त्या दिवशी राखणदारानं कुत्री सोडली नाहीत. एवढ्या माणसांवर कोण सोडेल? टँकर उभाच होता, पाइप बागेच्या हौदात, ड्रायव्हर संत्र्याच्या सावलीला विडी ओढत. "मले जसं सांगतात तसं मी करतो भाऊ," म्हणाला. रहीमचाचा त्याच्या शेजारी बसून टँकर गावात घेऊन आले, मागं चालत सगळं गाव आलं, आणि पहिली खेप वस्तीत रिकामी झाली.

वाचणाऱ्याला वाटेल, मग पाटलांना शिक्षा झाली असेल. नाही झाली. शेवंताबाईची तक्रार साहेबापर्यंत गेलीच नव्हती. कारकुनानं ती कंत्राटदाराला कळवली होती. फोन आल्यानं राज्य बदलत नाही. पाटील पाटील राहिले, कंत्राटही त्याच घरात राहिलं. फक्त टँकर रोज वस्तीत आला, कारण आता सगळ्या गावानं ऐकलं होतं. आज त्याच बागेच्या जागेवर मोबाइलचा टॉवर आहे, आणि जागेचं भाडं त्याच घरात जातं. गावात माणशी एक फोन झाला, वस्तीतल्या पोरापोरींच्या खिशात तो असतो आणि कोणाचा श्वास कोणाला लागत नाही. मोठी प्रगती म्हणतात. मला विचाराल तर एकमेकांचा श्वास न लागता जगायची सोय झाली, आणि काही लोकांना तेच हवं होतं.

बाबांनी ते मुद्दाम केलं की सवयीनं, हे मला ठाऊक नाही. त्या दिवशी सगळे गेल्यावर ते चुलीपाशी येऊन बसले. आईनं भरून तांब्या दिला. जपून वगैरे काही म्हणाली नाही. "पोस्ट जाईल," बाबा म्हणाले. पोस्ट गेलं नाही. पाटलांना तो विषय पुन्हा निघायलाच नको होता. काही दिवसांनी बाबांनी लाइनमनला बोलावून तार वाढवून घेतली आणि एका सकाळी मी पाहते तर स्टूल, रुमाल आणि फोन ओसरीच्या पार कडेला, पायरीला लागून. बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता ज्याचं त्यानं बोलावं. अंगणातून हात पुरते." त्यांना वाटलं मी खूश होईन. मी भडकले. "बाबा, तुम्ही फोन खाली आणला. माणसं वर येऊ नयेत म्हणून!" ते खुरपं हातात असल्यासारखे भिंतीकडे पाहत राहिले.

तेवढ्यात शेवंताबाई आली. तिचा भाऊ भुसावळला रेल्वेत होता, त्याला ट्रंक कॉल लावायचा होता. ती पायरीशी थांबली. कडेला मांडलेल्या फोनकडे तिनं पाहिलं, बाबांकडे पाहिलं. मग चपला काढल्या, स्टुलाला वळसा घालून वर चढली, पाटील त्या दिवसापासून येत नव्हते त्यांच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि पाय पोटाशी घेत म्हणाली, "मास्तर, फोन इकडं आना. तिथी ऊन लागते."

बाबांनी स्टूल उचललं.